गुणगुणणारा नग

"आत्याबाई, तुम्ही इथं बसू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" तेजस्विनीनं दाराच्या फटीतून डोकं बाहेर काढलं. डोक्यावर पांढरी टोपी, तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे. ही माझी सून की कुणाची सुईण, असं परक्यानं विचारलं असतं.

"कारखाना कुणाचा?" मी विचारलं.

"तुमचा."

"हे खोकं कुणाचं?"

"तुमचं."

"आणि त्यावर टेकलेलं बूड?"

तिनं डोकं आत घेतलं. दार लागलं.

मी पदर सारखा केला, पाठ भिंतीला टेकली. भाद्रपद संपत आलेला. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या सळया खाली उतरलेल्या आणि त्यात लोखंडाची धूळ सोन्याची असल्यासारखी तरंगत होती. जेवणाची सुट्टी होती. लेथ थांबलेले, माणसं बाहेर लिंबाखाली. आणि मग आतून तो आवाज सुरू झाला.

भुंग्यासारखा म्हणावा, तर भुंगा फिरत राहतो, लांब जातो, जवळ येतो. हा एकाच जागी. तोंड मिटून कुणी नाकातून एक सूर धरावा आणि सोडूच नये, तसा. भिंतीतून तो माझ्या पाठीत यायचा, पाठीतून दातांत. मी डोळे मिटून घ्यायची. हातात काही नसायचं, पण मांडीवर काहीतरी गरम ठेवलंय असं वाटायचं, आणि ते सांडू नये म्हणून मी हलायची नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं हौसाई इंजिनिअरिंग वर्क्स. हौसाई म्हणजे मीच. मालकांनी पहिला लेथ घेतला तेव्हा पाटीवर देवाचं नाव घाला म्हणून सगळे मागं लागले होते. ते म्हणाले, देव काय डबा घेऊन येतो का. झालं, पाटी माझ्या नावाची. मी तिसरीपर्यंत शिकलेली, ती पण संकेश्वरला, कानडी शाळेत. पण माझ्या नावाच्या पाटीखालून भलेभले साहेब वाकून आत आले, कारण दार ठेंगणं होतं आणि मी ते उंच करू दिलं नाही.

आधी आम्ही ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचो, पुढं वेल्डिंगच्या सिलिंडरचे रेग्युलेटर. मालक गेल्यावर संग्रामनं कसंबसं रेटलं. पोराचं नाव संग्राम, पण आजवर कुणाशी भांडला असेल तर शपथ. भांडण्याचं खातं त्याच्या बायकोनं आणि मी वाटून घेतलं. तेजस्विनी शिकलेली, लग्नाआधी बेंगळूरला नोकरी केलेली. तिनं तिथल्या ओळखीवर एक काम आणलं होतं. आभाळात जाणाऱ्या यानात बसवायचा रेग्युलेटर. पहिला नमुना आम्ही करायचा, तो पसंत पडला तर खऱ्या यानातले नगही आमचे.

नमुना झाला. मुठीत मावेल एवढा, आरशासारखा. आणि वायू सोडला की गुणगुणायचा.

"म्हणजे नक्की काय बिघडलंय?" मी एकदा भाकऱ्या थापताना तिला विचारलं.

ती शेगडीजवळ उभी होती. तिनं खाली वाकून सिलिंडरवर हात ठेवला. "ह्याच्यावर हा रेग्युलेटर बसलाय ना, आत्याबाई, त्याचाच तो थोरला भाऊ."

"थोरला कसला? ह्याच्याहून बारका आहे."

"मानानं थोरला. यानात एक बाटली असते. तिच्यात वायू इतका दाबून भरलेला असतो की फुटली तर आपलं छप्पर शेजारच्या गल्लीत. त्या वायूनं इंधन पुढं ढकलायचं. पण ढकलायचं बेतानं. म्हणून मधे हा बसलेला. आत एक स्प्रिंग, एक पातळ पडदा आणि एक इवलीशी झडप. पुढचा दाब कमी झाला की झडप उघड, जास्त झाला की मीट."

"त्याला कसं कळतं कमी झाला का जास्त?"

"एक भोक ठेवलंय. सुईच्या टोकाएवढं. पुढं काय चाललंय त्याची बातमी त्या भोकातून पडद्याला पोचते."

"मग कुठं अडलंय?"

"झडप थरथरते. उघडमीट, उघडमीट, डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो वेळा. आपल्याला ते गुणगुणल्यासारखं ऐकू येतं."

"गुणगुणू दे की. तुझं काय जातं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी भाकरी चुलीत टाकली. "असा गुणगुणत राहिला तर झडपेची बैठक झिजेल. मग वायू गळणार. वर गेल्यावर आपले मिस्त्री दस्तगीरचाचा पाना घेऊन जाणार आहेत का दुरुस्तीला? दसरा झाला की बेंगळूरहून नंजुंडय्या साहेब येतायत बघायला. त्यांच्यासमोर हा गुणगुणला तर काम दुसरीकडं जाईल. आणि होईल आमच्याकडं, असं मी त्यांना छातीठोक सांगितलंय."

"छातीठोक सांगताना मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"हो म्हणाले असते. पण विचारायचं होतंस."

ती हसली. मी हसले नाही. सुनेसमोर लगेच हसायचं नसतं.

त्या महिन्यात तिनं काय काय करून बघितलं. स्प्रिंग बदलली. झडपेचा दांडा घासून काचेसारखा केला. नळी लांब लावली, आखूड लावली. पुढं मोठी टाकी जोडली की नग गप्प बसायचा आणि लहान टाकी जोडली की पुन्हा सुरू. "मग मोठीच जोडा की," संग्राम म्हणाला. त्यावर ती म्हणाली, यान निघतं तेव्हा टाक्या इंधनानं काठोकाठ भरलेल्या असतात, वायूला जागा इवलीशीच, तेव्हा ह्याला लहान टाकीवरच नीट वागायला शिकवलं पाहिजे. दस्तगीर मिस्त्री म्हणाला, थोडं ग्रीस लावून बघू. ती त्याच्यावर अशी धावली की बिचारा टोपी सांभाळत मागं सरला. आत बोटाचा ठसासुद्धा चालत नाही म्हणे.

दस्तगीर मालकांच्या बरोबरीचा. पहिल्या लेथपासूनचा. मालकांना आण्णा आणि मला वैनी म्हणणारा कारखान्यात तो एकटाच उरला होता. दुपारी मी खोक्यावर बसले की तोही काही ना काही निमित्त काढून त्या दाराशी यायचा. कानस शोधायचा, हात पुसायचा. आवाज सुरू झाला की पुसायचा थांबायचा. मी त्याच्याकडं बघितलं की तो पत्र्याकडं बघायचा.

"काय रे, कामं न्हाईत काय?" मी एकदा खडसावलं.

"हायत की वैनी."

"मग?"

"जातो की."

गेला नाही. आवाज थांबला तेव्हा गेला.

खरं सांगायचं तर दुपार झाली की मला घरी बसवायचं नाही. मी नाना कारणं सांगायची. घरी उकडतं, शेजारीण डोकं खाते, कारखान्यावर लक्ष नको का. कुणी विचारत नव्हतं तरी सांगायची. आत जाऊन खोक्यावर बसायची, आणि सूर सुरू झाला की भिंत, उन्हाच्या सळया, लोखंडाचा वास सगळं पातळ व्हायचं, जुन्या लुगड्यातून पलीकडचं दिसावं तसं. त्या पलीकडं कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटायचं. मी हाक मारायची नाही. हाक मारली की माणूस वळतो, आणि वळला की स्वप्न मोडतं.

तेजस्विनी बारीक होत चालली होती. तिचं तोंड बघवायचं नाही. आणि मी, तिची सासू, रोज देवाला दिवा लावताना सगळ्यांसाठी मागायची, फक्त हा आवाज थांबू दे एवढं मागायचं विसरायची.

नवरात्र बसलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळी मशीनं धुऊन पुसून घ्यायची, पूजा झाली की दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, त्यांनी दोन दिस निजायचं. कानशी, पाने, लेथची पाती, मोजायची हत्यारं, सगळं पाटावर लाल फडक्यावर मांडलं. झेंडू आणला, नारळ आणले.

"तुझा नग आण," मी तेजस्विनीला म्हणाले.

"आत्याबाई, तो नको. त्याला धूळ चालत नाही."

"सगळ्या कारखान्याची पूजा होणार आणि तो एकटा आत कोंडलेला? सवतीचं पोर हाय काय ते?"

"आत्याबाई..."

"यानात जाणारा तो न्हवं ना? चाचणीचाच हाय न्हवं?"

"चाचणीचाच."

"मग आण."

आणला. पाटाच्या कडेला ठेवला, हात जोडले आणि दारावर पाहुणे आले म्हणून गेली. मी बघते तर नगाच्या तिन्ही तोंडांवर लाल प्लास्टिकच्या टोप्या. घट्ट बसवलेल्या. मी शेतकऱ्याची लेक. बेंदराच्या सणाला आम्ही बैलाला ओवाळायच्या आधी त्याचं मुसकं सोडतो. तोंड बांधलेल्या जनावराला नैवेद्य दाखवायचा म्हणजे थट्टाच त्याची. मी एकेक टोपी काढून ताटात ठेवली. सगळ्या हत्यारांना हळदीकुंकवाची दोन दोन बोटं लावली. ह्याला मात्र मी नीट लावलं. ओली हळद, चांगली दाट. दोन मोठ्या तोंडांना कडेनं, आणि ते धाकटं तोंड होतं त्याच्यावर अनामिकेनं भरून टिळा.

"गात राहा," मी हळूच म्हणाले. शेजारी दस्तगीर नारळ फोडत होता, त्याच्या ठोक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मीच टोप्या परत बसवल्या. बाहेरची हळद तेजस्विनीनं दुसऱ्या दिवशी पुसून काढली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुसली, मोठ्यानं बोलली नाही. तेवढा धाक होता तेव्हा.

मग तिनं नग पुन्हा लहान टाकीला जोडला. सुट्टीनंतरची पहिली चाचणी म्हणून संग्राम, दस्तगीर, बाकीची माणसं दाराशी गोळा झालेली. मी माझ्या खोक्यावर. तिनं चावी फिरवली. वायू सुटल्याचा बारीक सूं असा आवाज आला, काचेतून काटा चढलेला दिसला, आणि पुढं काही नाही.

सगळे कान देऊन उभे. काटा जागच्या जागी, खिळा ठोकल्यासारखा. वायू वाहतोय, सूर नाही.

"अंबाबाई पावली!" कुणीतरी ओरडलं. संग्रामनं टाळी वाजवली. पेढे आणा, पेढे आणा म्हणून एकच गलका झाला.

चालू आहे आणि सूर नाही. मी बसल्या जागी भिंतीवर हात आपटला. "बंद कर!" मी ओरडले. "बंद कर ते, तेजू! बंद कर म्हणते न्हवं!"

गलका थांबला. तिनं घाईनं चावी मिटली, बाहेर आली. "आत्याबाई, काय होतंय?"

"उघड त्याला."

"काय?"

"खोल. आत काय झालंय ते बघ."

"आई, काय बोलतेस?" संग्राम पुढं झाला. "साहेब ह्याच आठवड्यात येणार. एवढे दिवस मरमर करून आज गप्प बसलाय. चालतंय ते चालू दे की."

"तू पेढे आणायला निघाला होतास न्हवं? जा, आण."

मला वाटलं होतं तेजस्विनी त्याची बाजू घेईल. ती माझ्याकडं बघत राहिली. मग फडकं तोंडावरून खाली ओढून हळूच म्हणाली, "मला पण उघडायचंय. मी काहीच केलं नाही आणि हा गप्प बसला. का बसला ते कळलं नाही, तर उद्या पुन्हा कशावरून गुणगुणणार नाही? पण तुम्ही म्हणाल असं वाटलं नव्हतं, आत्याबाई."

तिच्या नजरेत काय होतं ते मला दिसलं. तिला वाटलं, सासूला तिचं शास्त्र कळलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

तिनं तिथंच, काचेच्या टेबलावर, नग खोलायला घेतला. एकेक भाग पांढऱ्या कापडावर ठेवत गेली. स्प्रिंग, दांडा, झडप. सगळं स्वच्छ. मग तिनं पडद्याकडचा तुकडा उचलून दिव्याखाली धरला, डोळ्याला भिंग लावलं, आणि तशीच राहिली. इतका वेळ राहिली की दस्तगीर पाय बदलून उभा राहिला.

"हे पिवळं काय आहे?"

संग्रामनं मान पुढं काढून बघितलं.

तिनं एक बारीक तार घेतली, भोकात घातली, बाहेर काढून नाकाशी नेली. मग माझ्याकडं वळली. "टोप्या काढल्या होत्या तुम्ही?"

"मग? मुसकं बांधून ओवाळायचं होतं?"

"आणि ह्या तोंडाला हळद लावली?"

"लावली. चांगली भरून लावली. सगळ्यांपेक्षा जास्त."

आता ही फाडून खाणार म्हणून संग्राम दोन पावलं मागं सरला. मी पदर खोचला. पण ती तार हातात तशीच धरून खाली स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "बातमीचं भोक," ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बातमीचं भोक बुजवलंत! पूर्ण बुजलं असतं तर हा आंधळा झाला असता. ते अर्धंच बुजलं. बातमी आता थांबत थांबत पोचतेय, म्हणून हा घाबरून उघडमीट करत नाही. मी स्प्रिंगेत शोधत होते, दांड्यात शोधत होते. भोकच मोठं होतं हो! बारक्यातली बारकी चुळबूळ लगेच पडद्यावर, आणि हा लगेच धावणार. मिटेपर्यंत पुढचं बदललेलं, की पुन्हा उलटा धावणार."

"म्हणजे आता हळद लावूनच पाठवायचा?" संग्रामनं विचारलं.

"गप बसा हो तुम्ही."

तिनं ती हळद धुऊन काढली. वाफेनं, कसल्याशा दारूनं, कापसाच्या काडीनं. "आता जोडून बघते. हा पुन्हा गुणगुणला, तर माझं म्हणणं खरं."

जेवणाची सुट्टी झाली होती. माणसं डबे घेऊन लिंबाखाली गेली, संग्राम पेढ्यांचं काय करायचं ते ठरवायला गेला. दाराशी मी आणि दस्तगीर. आत ती.

चावी फिरली. आणि सूर आला.

तोच. नाकातला, मिटल्या तोंडाचा. आत तेजस्विनी आनंदानं उडी मारायची बाकी राहिली. एका आवाजानं आम्ही दोघी एकदमच सुखावलो, असं आमच्यात पहिल्यांदा झालं. मी डोळे मिटले. उन्हाच्या सळया पापण्यांवर आल्या, तांबड्या झाल्या. मांडीवर गरम काहीतरी. पलीकडं तो पाठमोरा माणूस, खाकी सदरा, मानेवर घामाची रेघ, आणि लेथवर झुकलेला.

"वैनी," दस्तगीर अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आण्णांचाच सूर हाय."

मी डोळे उघडले नाहीत. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला न्हाईस ते?"

"तुम्ही तरी कुठं बोलला?"

डोळे उघडले तर तेजस्विनी दारात उभी. आत नग अजून गुणगुणत होता. तिनं एकदा दस्तगीरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आत्याबाई, डोळ्यांत काय गेलं?"

"हळद गेली असेल."

ती माझ्यासमोर खाली फरशीवर बसली, पांढऱ्या कपड्यांनिशी. मग मी सांगितलं. तिनं सासऱ्याला बघितलं नव्हतं, ते लग्नाच्या आधीच गेलेले. मालक बोलायला कंजूस. दुपारी डबा घेऊन जायची तर वळूनसुद्धा बघायचे नाहीत. लेथवर लोखंडाचा शेवटचा बारीक काप घेत असायचे आणि तोंड मिटून असा एक सूर धरलेला. काप संपेपर्यंत तो सुटायचा नाही. मी ह्याच खोक्यावर बसायची, डबा मांडीवर घेऊन. सूर थांबला की म्हणायची, जेवून घ्या. ते हात पुसत यायचे. आमचा सगळा संसार म्हणजे त्या दुपारी.

"एकदा डबा घेऊन आले," मी म्हणाले, "तर लेथ चालू. घरघर ऐकू येतेय, सूर न्हाई. मला वाटलं, थांबलेत जरा. म्हणून मी बसले. डबा मांडीवर घेऊन वाट बघत बसले, काप संपायची. ते स्टुलावर होते, डोकं भिंतीला टेकलेलं. हात लावला, तर गार."

दस्तगीर तोंड फिरवून पत्र्याकडं बघू लागला.

तेजस्विनीनं वळून आत नगाकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि मी ह्याला गप्प करायला निघालेय."

"मग काय न्हाई करणार?"

"आत्याबाई..."

"हा असाच वर गेला तर काय व्हईल? तूच सांगितलं होतंस."

"झिजेल. गळेल. यान वाया जाईल."

"त्यावर नाव कुणाच्या कारखान्याचं?"

"तुमच्या."

"मग? माझ्या नावाचा नग असा थरथरत वर जाणार व्हय? माझा माणूस काप चांगला लागला म्हणून गुणगुणायचा. हा बिचारा भेदरून गुणगुणतोय. गप्प कर त्याला." मी उठले. "पण आजची दुपार राहू दे."

ती आत गेली. चावीला हात लावला नाही. सिलिंडर आपणहून रिकामा होईपर्यंत तो सूर चालला. शेवटी हळूहळू खाली उतरला, खर्जात गेला आणि विझला.

पुढचे दिवस दस्तगीर आणि ती लहान भोकाच्या चकत्या करत बसले. पहिली चकती जरा जास्तच बारीक झाली. नग झोपाळू झाला, मिटायला उशीर लावायचा आणि काटा वर चढायचा. दुसरी मोठी झाली, सूर परतला, दस्तगीरनं चोरून माझ्याकडं बघितलं. मग दोघांच्या मधली एक जमली. लहान टाकी, मोठी टाकी, एकदम सोडा, हळू सोडा, काटा जागचा हलेना. चकती बसवली आणि टोप्या लावल्या. ह्या वेळी तेजस्विनीनं त्यावर चिकटपट्टी पण मारली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मुसकं नाही, शिरपेच आहे."

नंजुंडय्या साहेब आले. दारातून आत येताना वाकले. दिवसभर त्यांनी नगाचा जीव खाल्ला, पण तो बोलला नाही. जेवताना मी त्यांच्याशी कानडीत बोलायला लागले तर त्यांचा हात ताटातच थांबला. कोल्हापुरात कुणी आजी संकेश्वरची कानडी बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, अम्मा, हा आधी आवाज करायचा असं ऐकलं होतं, काय केलंत? मी म्हणाले, अरिशिण. हळदीला कानडीत असं म्हणतात. ते खूप हसले. म्हातारीनं विनोद केला असं त्यांना वाटलं. तेजस्विनी ताटात बघत भात कालवत राहिली.

आता त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. यान गेलं. आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, आग ओकत, ढग फाडत गेलं. घरात आरडाओरडा. मी तेजस्विनीला विचारलं, आत्ता आपला काय करत असेल गं? ती म्हणाली, गप्प असेल, आत्याबाई. मग आणखी यानं गेली, आणखी नग गेले. सगळे गप्प.

दस्तगीर गेला. माझी नजर गेली निम्मी. कारखान्याचं दार मात्र अजून तेवढंच आहे.

खंडेनवमीला पूजा झाली, माणसं प्रसाद घेऊन घरी गेली की तेजस्विनी कपाटातून तो पहिला नग काढते. चकती काढून ठेवलेली असते. टोप्या तीच काढते. मी तिला दरवर्षी सांगते, आज हत्यार चालवायचं नसतं. ती दरवर्षी म्हणते, हत्यार कुठं, आत्याबाई, जरा वारा सोडतेय. मी खोक्यावर बसते. खोकं दोनदा मोडलं, दोनदा खिळे मारून घेतलं. दुपारच्या उन्हाच्या सळया उतरतात. झेंडूचा वास असतो, हळदीचा असतो. ती चावी फिरवते आणि दाराबाहेर जाऊन उभी राहते, माझ्याकडं पाठ करून.

सूर लागतो. मांडीवर गरम होतं. मी हलत नाही.

काप संपतो. सूर खाली उतरतो, थांबतो.

"जेवून घ्या," मी म्हणते.

कुणाला म्हणते, ते सून विचारत नाही.